राजा, राया, राव : झिजलेल्या शब्दांचा सूर

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी नावाचे गाव आहे. लोणी काळभोर वेगळे, प्रवरेकाठचे लोणी वेगळे. हे धामणीच्या शेजारचे, पावसाने वर्षानुवर्षे हात आखडता घेतलेले लोणी. तिथून एस.टी.ने आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मी त्या वेळी नीट दिले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराला झालेला उशीर आहे, असे समजावे.

प्रसंग साधा होता. त्या आठवड्यात इंग्रजीचे आमचे सहकारी मुलांकडून संभाषणाचा सराव करून घेत होते. आमच्या भागातली मुले इंग्रजी पुस्तकातून शिकतात, म्हणून बोलताना 'आय ॲम', 'डू नॉट', 'आय विल' असा प्रत्येक शब्द सुटा सुटा, मोजून टाकल्यासारखा उच्चारतात. सरांनी त्यांना सांगितले की असे बोललात तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही एक तर पाठ केलेले म्हणता आहात किंवा त्याच्यावर रागावला आहात. 'आयम', 'डोन्ट', 'आयल' असे जोडून, आखडून बोला. मग बोलणे बोलण्यासारखे वाटेल. त्याच आठवड्यात मी संवादलेखनाच्या वह्या तपासून परत केल्या होत्या. या मुलीने आजी आणि नात यांचा संवाद लिहिला होता. टँकर आला आहे, गडबड आहे, आणि आजी विचारते, «मपला हंडा कुठं ठेवला गं?» मी 'मपला' भोवती लाल गोल काढला, 'कुठं' चे 'कुठे' केले आणि समासात शुद्ध वाक्य लिहून दिले : «माझा हंडा कुठे ठेवला?» त्यात 'गं' देखील गळून गेला होता, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

ती म्हणाली, «सर, इंग्रजीत शब्द आखडला की शाबासकी आणि मराठीत आखडला की लाल गोल. असं का?»

मी म्हणालो, «प्रत्येक भाषेचे नियम वेगळे असतात.» हे उत्तर खोटे नव्हते, पण त्याने प्रश्न मिटला नव्हता, फक्त मुलगी गप्प झाली होती. शिक्षकाला या दोहोंतला फरक कळतो.

*

आधी हे पाहू, की मराठी बोलताना आपण नेमके काय आखडतो. सगळ्यात ठळक उदाहरण 'आहे' या क्रियापदाचे. लिहिताना ते स्वतंत्र शब्द असते. बोलताना ते मागच्या शब्दाला बिलगते आणि त्याचे बहुधा एक 'य' एवढेच उरते. 'करतो आहे' चे 'करतोय' होते, 'झाले आहे' चे 'झालंय', 'हवे आहे' चे 'हवंय', 'नाही आहे' चे 'नाहीये', 'करतो आहेस' चे 'करतोयस'. व्याकरणाच्या हिशेबात अर्थ तोच राहतो. काळ, पुरुष, वचन यांतले काहीच बदलत नाही. बदलतो तो सूर.

फोनवर «येतोय» म्हणणारा माणूस चपला घालत असतो. «मी येत आहे» असे म्हणणारा एक तर कळवतो आहे किंवा बजावतो आहे. घरात आईने «सांगितलंय ना तुला?» असे विचारले तर अजून बोलायला जागा आहे, «मी तुला सांगितलं आहे» असे पूर्ण 'आहे' तिने उच्चारले, की ती जागा संपली. न आखडलेले रूप बोलण्यात येते तेव्हा ते मुद्दाम आणलेले असते आणि ऐकणारा ते मुद्दामपण लगेच ओळखतो. आमचे इंग्रजीचे सहकारी 'डू नॉट' आणि 'डोन्ट' यांच्याबद्दल नेमके हेच सांगत होते. उलट, सत्तेची आणि सूचनेची भाषा कधी आखडत नाही. रस्त्यावरच्या पाटीवर 'काम चालू आहे' असेच लिहिलेले असते. 'काम चाललंय' अशी पाटी दिसली तर लोक ती गंमत समजतील. विजय तेंडुलकरांनी १९६७ साली रंगमंचावर आलेल्या आपल्या नाटकाला 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाव दिले. त्यातले 'आहे' काढून 'कोर्ट चाललंय' म्हणून पाहावे. न्यायालयाचा सगळा दरारा उतरतो आणि नाटकाचा उपरोधही. वाक्ये अर्ध्यावर तोडणारी, अडखळणारी पात्रे रंगभूमीवर आणणाऱ्या या नाटककाराने शीर्षकात मात्र शासकीय, अखंड वाक्य ठेवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शब्दाच्या निवडीचेही असेच. 'बस', 'बसा', 'बसा की', 'बसायचं हं', 'बसावे', 'स्थानापन्न व्हावे' या सगळ्यांत गुडघे सारखेच वाकतात; माणसे मात्र वेगळी असतात. रुसलेल्या मुलाला आई «आपण जेवणार आहात का?» असे विचारते, तेव्हा आदरार्थी 'आपण' हा आदराच्या अगदी विरुद्ध टोकाला जाऊन बसलेला असतो. 'पाणी' आणि 'जल' यांचा अर्थ कोशात एक आहे. योजनेच्या फलकावर 'जल' असते आणि टँकरच्या रांगेत 'पाणी' असते. तत्सम शब्द अंतर राखतो, तद्भव शब्द जवळ येतो. तद्भव म्हणजे तरी काय? तोंडातोंडातून फिरून झिजलेला संस्कृत शब्दच. तेव्हा आखडण्याचा प्रश्न हा मूळचा झिजण्याचा प्रश्न आहे, आणि झिजण्याचा इतिहास आमच्या परिसरात थेट दगडावर कोरलेला आहे.

*

जुन्नरहून पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. विद्वान तो साधारणपणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. केलेले यज्ञ आणि दिलेली दाने यांचा तो हिशेब आहे. पण वैदिक यज्ञांचा हा हिशेब कोरवून घेताना राणीने भाषा वापरली ती प्राकृत. याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती आता नाहीत, त्यांच्या पायांच्या खुणा आणि डोक्यावर कोरलेली नावे आहेत. त्यात राजाला 'राया' म्हटले आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे समितीने जो अहवाल केला, त्यात नाणेघाटाच्या लेखाचा आधार घेतलेला होता. तो दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. म्हणजे आज ज्या अभिजातपणाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या पुराव्यातला एक मोठा दगड हा झिजलेल्या भाषेचा आहे. संस्कृत व्याकरणाच्या फूटपट्टीने मोजले तर तो लेख अशुद्धच ठरेल.

ही फूटपट्टी त्याही काळी होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात 'गौः' हा एक शुद्ध शब्द आणि त्याचे अपभ्रंश अनेक, असे सांगताना 'गावी', 'गोणी', 'गोता', 'गोपोतलिका' ही रूपे दिली आहेत. अपभ्रंश म्हणजे खाली पडलेले, ढळलेले. यांतल्या 'गावी' ची 'गाई' झाली आणि गाईची 'गाय'. आज 'गाय' हा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकात निर्वेध चरतो आहे. त्याच्याभोवती लाल गोल काढण्याची कोणाची हिंमत नाही. अपभ्रंश आणि शुद्ध यांच्यामध्ये पुष्कळदा केवळ काळाचे अंतर असते, एवढे यावरून म्हणता येते.

'राजा' या शब्दाची पुढची वाटचाल तर फारच बोलकी आहे. तो झिजला आणि त्याचे 'राया' झाले. तोच आणखी एका वाटेने झिजला आणि 'राव' झाला. नाणेघाटात 'राया' ही राजपदवी होती. तिथून जुन्नरवरून नारायणगावला यावे. नारायणगाव तमाशाचे गाव. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या आणि विठाबाईंच्या फडांचे हे गाव. चैत्राच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तिथल्या लावणीत 'राया' कोणाला म्हणतात, हे सांगायला नको. राजपदवी झिजता झिजता प्रेयसीच्या तोंडी आली. 'राव' चे दोन भाग झाले. एक भाग नावामागे लागून आदर दाखवू लागला, इंग्रजी अमदानीत 'रावसाहेब', 'रावबहादूर' झाला, दुसरा चहाच्या टपरीवर «काय राव!» म्हणत मित्राच्या खांद्यावर हात टाकू लागला. आणि न झिजलेला 'राजा', 'राजमान्य राजश्री' होऊन पत्राच्या मायन्यात जाऊन बसला. एकाच शब्दाचे हे चार सूर. जितका तो झिजला तितका तो जवळचा झाला.

इंग्रजांनाही या झिजेची धास्ती वाटलीच होती. जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली 'टॅटलर' या नियतकालिकात बोलण्यातल्या आखूड रूपांवर सडकून टीका केली आणि दोन वर्षांनी भाषेला एकदाचे शिस्तीत बसवावे असा प्रस्ताव मांडला. तो प्रस्ताव बारगळला. आखूड रूपे राहिली आणि आज आमचे सहकारी तीच रूपे आंबेगावच्या मुलांना प्रयत्नपूर्वक शिकवतात. आज इंग्रजीत ज्याला ओघ म्हणतात, तो तीनशे वर्षांपूर्वी सभ्य मंडळींना बिघाड वाटला होता.

*

बोलण्यातले आखडणे जवळीक आणते, तर लिहिण्यातले आखडणे काय करते? इथे मराठीचा इतिहास उलट्या दिशेने जातो. मोडी पत्रव्यवहारात आणि पुढे छापील लग्नपत्रिकांपर्यंत जी संक्षिप्त रूपे रूढ झाली, ती आदर दाखवणारी होती. 'ती.' म्हणजे तीर्थरूप, 'चि.' म्हणजे चिरंजीव, 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आणि लिहिणारा वडीलधारा असेल तर 'अ. उ. आ.', अनेक उत्तम आशीर्वाद. ज्या पिढीने पोस्टकार्डे लिहिली, तिला ही अक्षरे सोडवून वाचावी लागत नसत. नमस्कार आहे की आशीर्वाद, एवढे पाहिले की लिहिणारा वयाने आणि नात्याने कुठे उभा आहे ते कळे. जवळच्या स्नेह्याला 'साष्टांग' ऐवजी 'सप्रेम' आला, की आद्याक्षर तेच राहूनही सूर बदले.

ही अक्षरे निरुपद्रवी मात्र नव्हती. 'सौ.' आणि 'गं. भा.' या दोन खुणांनी बाईचे अख्खे आयुष्य नावाच्या आधीच सांगून टाकले. 'गंगा भागीरथी' हा शब्द पूर्ण उच्चारला तर पवित्र वाटावा असा. पण त्याचे 'गं. भा.' झाले आणि ते वैधव्याची छापील खूण होऊन बसले. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनात हा शब्द विधवांसाठी वापरण्याची सूचना पुढे आली, तेव्हा तिला मोठा विरोध झाला. तो विरोध त्या दोन अक्षरांत साठलेल्या सुराला होता. आखडलेला शब्द किती आणि काय वाहून नेतो, याचे हे कटू उदाहरण आहे.

*

आता त्या लाल गोलाकडे येतो. 'कुठं' चे 'कुठे' करण्याचा अधिकार मला कोणी दिला, याचाही एक इतिहास आहे आणि तो एका टिंबाचा इतिहास आहे.

नाणेघाटाच्याच नावातला शब्द घेऊ. घाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, अशी लोकांची समजूत आहे. संस्कृतातले 'नाणकम्' प्राकृतात 'नाणयं' झाले, मराठीत 'नाणें' झाले. शेवटच्या अनुस्वाराने नपुंसकलिंगाची खूण जपली. अशीच 'केलें', 'झालें', 'कुठें', 'आमचें' ही रूपे. पुढे कधीतरी बोलण्यातून तो अनुनासिक उच्चार गेला, 'ए' देखील सैल पडला आणि लोक 'नाणं', 'केलं', 'कुठं' म्हणू लागले. लिहिण्यात मात्र 'केलें' हेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात मराठीची नोंदवही तयार झाली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले. मेजर कँडीने गद्याला विरामचिन्हांची सवय लावली. कोशकाराने शब्दाशब्दांपुढे कोणता ग्राम्य, कोणता अपभ्रष्ट अशा खुणा केल्या. शाळाखात्याची पुस्तके या नोंदवहीबरहुकूम छापली गेली आणि महाराष्ट्रातल्या अनेक बोलींपैकी पुण्याच्या शिकलेल्या वर्गाची बोली प्रमाण ठरली. शाळांना एक भाषा हवी होती, तेव्हा यात नवल नाही. पण ज्यांची बोली निवडली गेली नाही, त्यांचे बोलणे त्या दिवसापासून 'चूक' या सदरात जमा झाले.

याच काळात, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात भोळ्या कुणबी बाईला नाडणारा जोशी आहे, पाद्री आहे, मध्येच बोलणारा विदूषक आहे. जोशी गोड बोलतो तेव्हा त्याचे शब्द कसे असतात आणि पाठ वळल्यावर कसे होतात, हे फुल्यांनी कानाने टिपले होते. शोषण शब्दांच्या निवडीतून कसे चालते, हे दाखवणारे इतके जुने मराठी नाटक दुसरे मला ठाऊक नाही. दक्षिणा प्राइज कमिटीने त्याला आश्रय दिला नाही आणि ते छापले गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात यमू आपली कहाणी स्वतःच्या घरगुती बोलण्यात सांगते. बोलणे छापखान्यात शिरत होते, पण अजून डोक्यावर अनुस्वार बाळगून.

एकोणिसावे शतक संपता संपता काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी लेखन उच्चाराच्या जवळ आणण्याच्या सूचना केल्या आणि मोठा वाद पेटला. १९०४ साली टिळकांनीही 'केसरी' तून त्यात भाग घेतला. वाद अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत राहिला. अखेर १९६१ साली स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने चौदा नियम केले आणि १९६२ साली शासनाने ते स्वीकारले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. 'केलें' चे 'केले' झाले. पण त्याच नियमांत एक छोटी खिडकी ठेवली होती. पात्राच्या तोंडी भाषा घालताना ती त्याच्या उच्चाराप्रमाणे, 'केलं', 'सांगितलं' अशी लिहावी. एरवी 'केले', 'सांगितले'.

यातली गंमत पाहण्यासारखी आहे. समासातून हाकललेले टिंब अवतरणचिन्हांच्या आत परत आले, पण त्याचे काम बदलले होते. 'केलें' वरचा अनुस्वार लिंगाची खूण होता. 'केलं' वरचा अनुस्वार सुराची खूण झाला. आता तो सांगू लागला की इथे कोणीतरी बोलते आहे.

आणि ते टिंब अवतरणचिन्हांत थांबले नाही. नियमांच्या आधीच, १९४९ साली, व्यंकटेश माडगूळकरांनी आपल्या पुस्तकाचे नाव 'माणदेशी माणसं' असे ठेवले होते. 'माणदेशी माणसे' म्हटले असते तर ते जिल्हा गॅझेटिअरमधले प्रकरण वाटले असते. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. पवार मूळचे अकोले तालुक्यातले, म्हणजे जुन्नरच्या डोंगरापलीकडचे. 'बलुते' हा महसुली दप्तरातला शब्द. 'बलुतं' हा गावाच्या वेशीवर वाट्याला आलेला. १९८६ साली बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले. या तीन शीर्षकांतली चार टिंबे एकत्र ठेवून पाहिली, की मराठी साहित्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काय घडले ते समजते. बोलणारा माणूस पात्र होता, तो लेखक झाला. आणि लेखक झाल्यावर त्याने आपला आवाज अवतरणचिन्हांत कोंडून घ्यायला नकार दिला.

*

तरीही शंका उरते. 'केलं', 'कुठं' ही पुण्याच्या शिकलेल्या घरातलीही बोली आहे. तिला साहित्यात जागा मिळाली. 'मपला' चे काय? 'व्हतं', 'न्हाय', 'हाये' यांचे काय?

१९७५ साली रंगभूमीवर आलेले पु. ल. देशपांड्यांचे 'ती फुलराणी' हा प्रश्न हसत हसत मांडते. बर्नार्ड शॉच्या १९१३ साली प्रथम सादर झालेल्या 'पिग्मॅलियन' चा हा मराठी अवतार. भक्ती बर्वे यांची मंजुळा अजून लोकांच्या कानात आहे. लंडनमधली फुलवाली मराठीत आणताना पु. लं.ना फक्त उच्चार बदलून भागले नाही. मराठीत बोलीच्या फरकामागे जात, गाव आणि शाळा हे सगळे उभे असते, ते त्यांना आणावे लागले. प्राध्यापक मंजुळेला शुद्ध बोलायला शिकवतो, ती शिकते, आणि मग आपण कुठल्या, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. शुद्ध बोलणे तिला नवे दार उघडून देते आणि मागचे दार लावून घेते. माझ्या वर्गातल्या मुलांपुढे हाच प्रश्न आहे. फरक इतकाच, की त्यांना मध्यंतर मिळत नाही.

याला दुसरी परंपरा आमच्याच तालुक्याशेजारी आहे. तमाशात गण आणि गवळण झाली की बतावणी होते, मग वग. बतावणीत सोंगाड्या सरदाराचे भारदस्त शब्द उचलतो आणि झिजवून परत करतो. अधिकाराचा पूर्ण, ताठ शब्द आणि त्याला दिलेले आखूड, गावरान उत्तर, या टकरीतून हशा येतो. पुष्कळसे बोलणे लिहिलेले नसते. समोरचे गाव पाहून ते बदलते. इथे बोलीला पात्राच्या तोंडी जागा 'देण्या'चा प्रश्नच नसतो. मंच तिचाच असतो आणि प्रमाण भाषा तिथे पाहुणी म्हणून येते, टोमणे खाऊन जाते.

अभ्यासकांनीही बोलीकडे दुर्लक्ष केले असे नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्याने ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली. १९६० च्या दशकापासून अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तकमाला काढली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे नवे सर्वेक्षण केले. या सगळ्यांच्या दृष्टीने 'मपला' ही चूक नाही. ती नोंद आहे. भाषाशास्त्रज्ञाच्या वहीत जी नोंद, तीच मराठीच्या मास्तरच्या वहीत चूक, एवढाच काय तो फरक.

'मपला', 'तुपला' ही जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातली आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातली रूपे. व्युत्पत्तीच्या तपशिलात मी शिरत नाही. पण कानाला त्या शब्दाच्या शेपटात 'आपला' स्पष्ट ऐकू येतो. 'माझा हंडा' म्हणणारी बाई मालकी सांगते. «मपला हंडा कुठं ठेवला गं?» म्हणणारी आजी रांगेत, गर्दीत, नातीला जवळ ओढून विचारते. 'गं' ने ती नातीला हाक मारते, 'कुठं' ने घाई सांगते, 'मपला' ने गाव सांगते. मी लिहून दिलेल्या शुद्ध वाक्यात यांतले काहीच उरले नव्हते. तिथे फक्त हंडा उरला होता. शिवाय १९६२ च्या ज्या नियमांचा आधार घेऊन मी शुद्ध-अशुद्ध ठरवत होतो, त्याच नियमांनी पात्राच्या तोंडच्या भाषेला उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मोकळीक दिली होती, आणि मुलीने लिहिला होता तो संवादच. म्हणजे नियमाप्रमाणेही ती बरोबर होती आणि मी चुकलो होतो.

आता तिच्या प्रश्नाचे उत्तर. इंग्रजीतले आखडणे आपल्याला शाबासकीचे वाटते, कारण ते तिथल्या प्रतिष्ठित वर्गाचे आखडणे आहे आणि आपल्यापर्यंत ते पुस्तकातून, दूरचित्रवाणीवरून, नोकरीच्या मुलाखतीतून पोहोचते. मराठीतले 'करतोय', 'झालंय' हेदेखील आपण निमूट चालवून घेतो, कारण ते पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यातून आले. 'मपला' आणि 'व्हतं' लोणीच्या टँकरच्या रांगेतून आले. झिजण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे. लाल गोल झिजेला पडत नाही, तो पत्त्याला पडतो.

म्हणून प्रमाण मराठी शिकवू नये, असे मी म्हणत नाही. अर्ज, अहवाल, निबंध यांची भाषा मुलांना आली नाही, तर त्यांचे नुकसान माझ्या भाबड्या बोलीप्रेमाने भरून निघणार नाही. स्पर्धा परीक्षेचा परीक्षक नाणेघाटाचा लेख आठवून गुण देत नसतो. शिकवायचे ते हे, की प्रसंग पाहून सूर निवडता आला पाहिजे : 'येत आहे' कधी, 'येतोय' कधी, आणि 'येतुया' कधी. इंग्रजीचे सहकारी नेमके हेच शिकवत होते. त्यांनी 'डू नॉट' चुकीचे ठरवले नव्हते; ते कुठे बोलायचे आणि कुठे नाही, एवढेच सांगितले होते.

त्यानंतर मी संवादलेखनाच्या वह्या तपासताना आधी वाक्य मोठ्याने वाचून पाहतो. ते कोणाच्या तोंडी शोभते आहे असे वाटले, तर पेन उचलत नाही. बोर्डाच्या किंवा विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत असे लिहिलेस तर काय होईल, हे मात्र मुलांना सांगावे लागते, आणि ते सांगताना माझा स्वतःचा आवाज मला जरा ताठ, न आखडलेला ऐकू येतो.

त्या मुलीची वही परत मागून तो गोल खोडायचे माझ्याकडून राहून गेले. तिने शिक्षण पूर्ण केले आणि ती गेली. मधे एकदा मंचरच्या एस.टी. स्थानकावर भेटली, लहान मुलीचा हात धरून. मी विचारले, «कशी आहेस?» ती म्हणाली, «बरी आहे सर, आपण कसे आहात?» एकही शब्द झिजलेला नव्हता. मग गाडी लागली, गर्दी उसळली, आणि ती मुलीला ओढत म्हणाली, «चल गं, मपली पिशवी घे आधी!»